एकाच पंपात सगळं

महादेवरावांचा पाय निळा होता. डॉक्टर स्वराली पांढरीपांडे यांनी चादर बाजूला केली आणि हातातलं पेन तसंच धरून त्या थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या. सुजून लाल झालेले पाय त्यांनी पुष्कळ पाहिले होते, साखरेच्या आजारानं काळे पडलेलेही पाहिले होते. पण मोराच्या मानेसारखा निळा पाय त्यांच्या अमरावतीच्या दवाखान्यात पहिल्यांदाच आला होता.

शेजारच्या खुर्चीत महादेवरावांची बायको वच्छलाबाई बसली होती. तिनं कपाळाला हात लावला. "सांगा आता तुमचं तुमीच," ती म्हणाली.

महादेवरावांना त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. शेंदूरजनाघाटला त्यांची संत्र्याची बाग. फळ तोडून झालं होतं आणि झाडांची सल, म्हणजे वाळलेल्या काड्या, काढायचं काम चालू होतं. संत्र्याचं कलम ज्या जंभेरीवर बांधतात, तिच्या खालून फुटलेल्या फांदीचा लांब काटा नडगीत शिरला. काटा त्यांनी स्वतःच उपटून काढला. तिथंच बादलीत बोर्डो पेस्ट उरली होती. मोरचूद आणि चुन्याचा हा निळा लेप, संत्र्याच्या खोडातून डिंक गळायला लागला की खोडाला लावतात. त्यानं झाडं बरी होताना महादेवरावांनी जन्मभर पाहिली होती. त्यांनी ब्रश बुडवला आणि नडगीवरही दोन हात मारून घेतले.

"झाडाले चालते," ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "मंग मानसाले काहून नाई चालत?"

पाय मात्र टरारून सुजला, अंगात कणकण भरली. मुलगा किशोर नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात कामाला. तो रजा टाकून आला, बापाला गाडीत घातलं आणि अमरावतीत रुक्मिणीनगरातल्या आपल्या घरी घेऊन आला. तिथून थेट दवाखान्यात.

नर्सनं पाय धुतला. निळ्याच्या खालून लालभडक निघाला. डॉक्टरीणबाईंनी पेनानं लालीच्या कडेकडेनं रेघ आखली, म्हणजे ती पुढं सरकते की मागं हे कळावं. मग त्यांनी विचारलं की आजवर कुठल्या औषधानं अंगावर पुरळ, तोंडाला सूज, दम लागणं असं काही झालं होतं का? पेनिसिलिनचं इंजेक्शन कधी बाधलं होतं का? कारण देणार ते औषध त्याच्याच भावकीतलं होतं.

महादेवराव नाही म्हणाले. वच्छलाबाई म्हणाली, एकदा अंगभर गांधी उठल्या होत्या. डॉक्टरीणबाई एकदम सावध झाल्या. कोणत्या औषधानं, कधी, किती वेळ, असं त्यांनी खोदून खोदून विचारलं. शेवटी निघालं ते एवढंच, की महादेवराव परसाकडे बसायला शेताच्या धुऱ्यावर गेले होते आणि तिथं खाजकुयरीचा वेल होता. डॉक्टरीणबाईंनी हसू गिळलं, आणि खात्री करायला तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत पुन्हा एकदा विचारला.

रक्त तपासलं. मूत्रपिंडं ठीक होती, रक्तातलं लोह मात्र कमी होतं. त्यांनी सेफडिनिरची कॅप्सूल लिहून दिली, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. लोहाचं सिरप दुपारी. मग त्या सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलल्या. कॅप्सूल आणि लोहाचं औषध यांच्यात निदान दोन तासांचं अंतर ठेवायचं. पाय बरा दिसला म्हणून कॅप्सूल मध्येच सोडायची नाही आणि उरवून कुणाला द्यायची नाही. पुरळ उठलं, दम लागला, पाण्यासारखे जुलाब लागले तर लगेच फोन करायचा. जेवणाआधी घ्या, जेवणानंतर घ्या, या औषधाला जेवणाचं काही नाही.

महादेवरावांनी सगळं ऐकून घेतल्यासारखी मान हलवली. त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं.

"रविवारलोक बरा होईन ना जी पाय?"

"रविवारी काय आहे?"

"बहिरम."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध नीट घेतलंत तर जाता येईल, नाही तर रविवारी तुम्ही इथंच, सलाईन लावून.

बहिरमची जत्रा भर थंडीत सातपुड्याच्या पायथ्याशी भरते. गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे भाजतात, आणि मातीच्या हंडीत मटण शिजतं. त्या हंडीचा वास रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीतल्या माणसाला खाली उतरवतो. दर साली जत्रेच्या शेवटच्या रविवारी महादेवराव तिथं जात. अकोल्याहून त्यांचा साळा शेषराव येई, म्हणजे वच्छलाबाईचा धाकटा भाऊ. दोघं दिवसभर राहत आणि दिवेलागणीला आपापल्या घरी परतत. घरी सांगायचं ते ठरलेलं असे: रोडगे खाल्ले, वांग्याची भाजी खाल्ली, देव पाहिला.

कारण महादेवरावांनी मटण सोडलं होतं. फार वर्षांपूर्वी त्यांना मूळव्याधीचा त्रास झाला, रक्त पडायला लागलं, आणि वरुडच्या डॉक्टरांनी तिखटजाळ बंद करायला सांगितलं. वच्छलाबाईनं त्यांचा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला होता आणि त्यांच्याकडून शपथ घेतली होती. आणि वर म्हणाली होती, तुमच्यासंग मी बी सोडतो. तेव्हापासून त्या घरात हंडी चढली नव्हती.

बहिरमची हंडी काही घरात चढत नव्हती. महादेवरावांनी शपथेचा अर्थ तसा लावून घेतला होता.

आता औषधाचं. वच्छलाबाईनं दोन वाट्या केल्या, एक सकाळची आणि एक संध्याकाळची. सिरपची बाटली वेगळ्या फडताळात ठेवली. पण महादेवरावांना दुपारी घरात करमत नसे. कॉलनीच्या मारुतीपुढं म्हातारी मंडळी उन्हाला बसत, तिथं त्यांना राजकारणावर बोलायचं असे. सिरपसाठी उठून यायचं म्हणजे आपली बाजू अर्धवट सोडून यायची.

आणि फवारणीतलं त्यांना कोण शिकवणार? बागेत अळीचं औषध वेगळं, बुरशीचं वेगळं, पानं हिरवी करणारं वेगळं. म्हणून काय मजूर तीनदा लावतात? सगळं एकाच पंपात टाकायचं, वरून औषध पानाला धरून ठेवणारं स्टिकर घालायचं, आणि एकाच फेरीत बाग आटपायची. झाड काही विचारत नाही आधी काय आलं आणि मग काय आलं. महादेवरावांनी आपल्या पोटालाही तोच नियम लावला. वच्छलाबाई आंघोळीला गेली की ते सकाळची कॅप्सूल तोंडात टाकत, त्यावर बाटलीच्या टोपणानं मापून सिरप घेत, आणि समाधानानं ढेकर देत. संध्याकाळच्या कॅप्सूलवरही उगाच अर्धं टोपण पडे. लोह कमी आहे म्हटल्यावर थोडं जास्तच बरं.

पायाची लाली पेनाच्या रेघेवरच बसून राहिली. पुढं गेली नाही, पण मागंही हटेना.

मग एका सकाळी महादेवराव संडासातून बाहेर आले ते भिंत धरून.

लाल. विटेसारखं लाल. त्यांनी दोनदा पाहिलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिलं आणि घाईघाईनं पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशीही तेच. कुठं दुखत नव्हतं, कळ नव्हती. त्यामुळं त्यांना आणखीच भीती वाटली. मूळव्याधीत निदान कळ तरी असायची. हे काहीतरी आतलं होतं. हे शपथेचं होतं.

सांगावं तर डॉक्टरीण भरती करून घेणार आणि रविवार बुडणार. न सांगावं तर रविवारपर्यंत आपण राहतो की नाही याचीच शंका. आरती, त्यांची सून, शाळेत शिकवायला गेली होती आणि वच्छलाबाई गच्चीवर वाळवणाला. तेवढ्यात त्यांनी अकोल्याला फोन लावला.

शेषराव सगळं ऐकून म्हणाला, "भाऊजी, रक्त म्हनता का?"

"मंग कशाचं म्हनू? कुंकवाचं?"

 शेषरावाला भाऊजींची काळजी होतीच, पण आपल्या बहिणीची भीती त्याहून मोठी होती. हंडीचा मसाला दर साली तोच अकोल्याहून आणत होता, बकऱ्याचा कोणता भाग घ्यायचा ते तोच ठरवत होता. तो म्हणाला, आता त्या कॅप्सुली बंद करा, माझ्याकडे मागच्या सर्दीची अर्धी पट्टी आहे, पिवळी आहे, एसटीनं पाठवतो. महादेवराव म्हणाले, सर्दीची पट्टी पायाला काय करेल? शेषराव म्हणाला, पिवळी गोळी कशालाही चालते. महादेवरावांना ते आपल्या बोर्डो पेस्टसारखंच वाटलं, आणि त्या पेस्टचं काय झालं ते नडगीवर दिसतच होतं. त्यांनी पट्टी नको म्हटलं.

"मंग बाईले काय सांगान?" शेषरावानं विचारलं. वच्छलाला तो बाईच म्हणायचा.

"काय सांगू?"

"बीट खाल्लं म्हना. बीटानं लाल होते. अन् भाऊजी, काही झालं तरी मायं नाव घेऊ नका." महादेवरावांनी तसा शब्द दिला.

त्या संध्याकाळी महादेवरावांनी सुनेला बीटाची कोशिंबीर करायला सांगितली. आरतीला नवल वाटलं, कारण ताटात बीट दिसलं की सासरे ते उचलून किशोरच्या ताटात टाकत. आज त्यांनी वाटीभर खाल्लं आणि आणखी मागितलं.  वच्छलाबाई जेवता जेवता नवऱ्याकडे, मग वाटीकडे, मग पुन्हा नवऱ्याकडे बघत राहिली.

दोन दिवस बीट चाललं. पाय ठणकत होता. शुक्रवारी दुपारी अंग पुन्हा कोमट झालं आणि महादेवराव पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले. त्यांना बाग आठवली, कोणत्या वाफ्याला पाणी द्यायचं राहिलं ते आठवलं, आणि मग वच्छलाचं डोकं आठवलं, तेलानं चपचपीत, ज्याच्यावर त्यांनी हात ठेवला होता. खाली सतरंजीवर ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. दाणे ताटात पडण्याचा बारीक आवाज होत होता.

"वच्छला," ते भिंतीलाच म्हणाले, "मी शपथ मोडली."

"कोनती?"

"तुया डोक्यावरची."

शेंगांचा आवाज थांबला नाही. मग महादेवरावांनी सगळं सांगितलं. लाल झालेलं सांगितलं, बीट कशासाठी खाल्लं ते सांगितलं, बहिरमच्या हंडीचं सांगितलं. नळीची हाडं सांगितली, रस्सा सांगितला. मरणाऱ्या माणसानं काही ठेवू नये म्हणून, घरी यायच्या आधी तोंडाचा वास जावा म्हणून विड्याची दोन दोन पानं खात होतो तेही सांगितलं.

"कितीदा?" वच्छलाबाईनं विचारलं.

"दरसाली."

"कोनासंग?"

महादेवरावांनी पांघरूण तोंडावर ओढलं. दिलेला शब्द होता. एक शपथ मोडली म्हणून दुसरी मोडायची नव्हती.

"शेष्यासंग," वच्छलाबाईनंच उत्तर दिलं.

आता शेंगांचा आवाज थांबला. महादेवरावांनी डोळे मिटून घेतले. ती रडेल, ओरडेल, भावाला फोन करील, असं काहीतरी होईल म्हणून ते वाट बघत होते. पण ती बोलली ते अगदी साध्या आवाजात.

"माया पौर्णिमेच्या लग्नात मी मांडवात पंगतीले मटण वाढलं. चव पाह्याले बोट बी नाई लावलं. सारे म्हनत, बाई, घ्या ना थोडंसं. मी म्हनलं, आमी सोडलं."

पौर्णिमा त्यांची थोरली लेक. महादेवरावांना ते लग्न आठवलं. 

वच्छलाबाई उठली, पदर झटकला, पायात चपला घातल्या. "चाला," ती म्हणाली. "मरनाचं पाहू आधी. बाकीचं मंग."

दवाखान्यात बोलणं तिनंच केलं. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, नाडी पाहिली, खालच्या पापणीचा रंग पाहिला आणि मग विचारलं, औषधं कशी घेता? महादेवराव म्हणाले, तुम्ही लिहिली तशीच. कोणत्या वेळी, हे विचारल्यावर ते थोडे घुटमळले. मग फवारणीची सगळी रीत त्यांनी समजावून सांगितली. एक पंप, एक फेरी, वरून स्टिकर.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. त्यांचे खांदे हलत होते. मग त्यांनी सांगितलं की ही कॅप्सूल आणि लोह पोटात एकत्र आले की एकमेकांना घट्ट धरतात, आणि त्या जोडगोळीनं लाल रंग येतो. तो रक्ताचा नसतो, त्यानं काही अपाय होत नाही. पण एकमेकांना धरून बसल्यामुळं औषध अंगात पुरेसं उतरत नाही, तसंच बाहेर जातं. पाय बरा होत नव्हता तो त्याच्यामुळं. तरी त्यांनी शौचाची तपासणी करायला लावलीच. म्हणाल्या, लाल दिसलं की औषधाचंच असेल असं कुणी घरी बसून ठरवू नये, तुमच्या वयात तर मुळीच नाही. तासाभरानं तपासणीचा कागद आला. रक्त नव्हतं.

"सांगितलंत ते फार बरं केलंत, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

महादेवरावांनी चोरून बायकोकडे पाहिलं. त्यांना तसं वाटत नव्हतं. मरण टळल्याचा आनंद त्यांना पुरता घेताही आला नाही, कारण आता जगायचं होतं, आणि ते वच्छलेसोबत. एक दिवस कळ काढली असती, नुसता डॉक्टरीणबाईंना फोन केला असता, तर रंगाचं रहस्य सुटलं असतं आणि हंडीचं झाकण बंदच राहिलं असतं. इतकी वर्षं राखलेलं गुपित त्यांनी कॅप्सूल आणि सिरपच्या भांडणात घालवलं होतं.

औषधाचे दिवस वाढवून मिळाले. वच्छलाबाईनं अंतराचं पुन्हा नीट विचारून घेतलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, लोह कशाकशात असते जी? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पालकात असतं, गुळात थोडं असतं, मटणात तर चांगलंच. पण काकू, अंतर फक्त लोहाच्या औषधाचं पाळायचं, जेवणातल्याची काही चिंता नाही. वच्छलाबाईनं बरं म्हटलं.

त्या दिवसापासून सिरपच्या फडताळाला कुलूप लागलं, आणि त्याची चावी आणि कॅप्सुली तिच्या कमरेच्या बटव्यात गेल्या. कॅप्सूल ती स्वतः हातावर ठेवी आणि गिळेपर्यंत समोर उभी राही. शनिवारी संध्याकाळी लाली रेघेच्या आत शिरली, रविवारी पहाटे तर चांगली दोन बोटं मागं गेली होती. ताप उतरला होता. हंडीबद्दल एक शब्द वच्छलाबाई बोलली नव्हती. त्यामुळं महादेवरावांनी भीतभीतच विचारलं, मंग बहिरमले जाऊ का?

"जाऊ ना," ती म्हणाली. "मी बी येतो."

डॉक्टरीणबाईंनी फोनवर परवानगी दिली, पाय खाली लोंबकळत ठेवायचा नाही या अटीवर. किशोरनं गाडी काढली. बहिरमला पोचले तेव्हा गोवऱ्यांचा धूर झाडांच्या शेंड्यांना लागला होता. शेषराव अकोल्याहून केव्हाच आला होता. आरावर हंडी बसवून तो पळीनं ढवळत होता. गाडीतून आधी भाऊजी उतरले, मग बहीण उतरली, आणि शेषरावाची पळी हंडीतच राहिली.

"बाई, तू कशी काय?"

"काहून? बहिरम काय मानसायचाच हाय?"

शेषराव म्हणाला की बरं झालं आलीस, वांग्याची भाजी मस्त जमली आहे. वच्छलाबाईनं हंडीवरचं झाकण उचललं. वाफ तोंडावर आली. तिनं झाकण शांतपणे बाजूला ठेवलं आणि म्हणाली, वांग्याला हाडं कधीपासून यायला लागली? शेषरावानं भाऊजींकडे पाहिलं, भाऊजी देवळाच्या कळसाकडे पाहत होते.

सतरंजी अंथरली. महादेवरावांना बसवून त्यांचा पाय गोवऱ्यांच्या पोत्यावर ठेवला. पत्रावळी मांडल्या, रोडगे फोडले, तूप ओतलं. वच्छलाबाईनं स्वतःच्या हातानं हंडीतून वाढायला घेतलं. नवऱ्याच्या पानात चांगली नळी घातली, रस्सा घातला. महादेवरावांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. त्यांनी घास उचलला तेवढ्यात तिनं बटवा उघडला.

"सकाळची कॅप्सूल राह्यली ना तुमची. निंगाच्या घाईत भुललो मी."

महादेवरावांनी कॅप्सूल गिळली, पाणी प्यायले आणि हात पुन्हा पानाकडे नेला. तिनं पान आपल्याकडे ओढून घेतलं.

"आता लोखंडाले दोन तास."

"मटनात कायचं लोखंड, बाई?" शेषरावानं विचारलं.

"डॉक्टरीनबाई म्हनत होत्या. चांगलंच असते म्हने."

महादेवराव हळूच म्हणाले, त्यांनी पुढं असंही सांगितलं होतं की जेवणातल्याची चिंता नाही.

"मले अर्धंच ऐकू आलं," वच्छलाबाई म्हणाली. "तुमाले शपथ अर्धीच आठवे ना दरसाली, तसं."

किशोर पाणी आणतो म्हणून उठून गेला. शेषरावानं मान खाली घातली आणि रोडगा कुस्करायला लागला. महादेवरावांनी वाद घातला नाही. घालण्यासारखा त्यांच्याजवळ होता, पुष्कळ होता, डॉक्टरीणबाईंचा फोन नंबरही खिशात होता. पण तो फोन लावायची छाती त्यांना झाली नाही.

वच्छलाबाईनं त्यांचं पान आपल्या पुढ्यात घेतलं. रोडगा बारीक चुरला, त्यावर रस्सा घातला, बोटांनी सावकाश कालवलं आणि पहिला घास तोंडात टाकला. तिनं डोळे मिटले.  मग तिनं नळी उचलली, पानावर आपटली आणि शांतपणे चोखली.

"शेषू," ती म्हणाली, "मसाला बरा जमला रे. मीठ जराकसं कमी हाय. अन् दे अजून."

शेषराव पळी घेऊन धावला. हंडीचा तळ पळीला लागल्याचा आवाज महादेवरावांनी ऐकला. त्यांनी सूर्याकडे पाहिलं, तो जागचा हलत नव्हता. निदान तूप-रोडगा तरी गोड करून खावा म्हणून त्यांनी मधल्या ताटलीतल्या गुळाकडे हात केला.

"गुळात बी असते," वच्छलाबाई म्हणाली, आणि ताटली आपल्या बाजूला सरकवून घेतली.